चावी देण्यापूर्वी
(प्रौढ साक्षरता वर्गाच्या मेळाव्यातील भाषण)



आज आपण गाडीविषयी बोलणार आहोत. बैलगाडीविषयी नव्हे, इंजिनाच्या गाडीविषयी. फटफटी, स्कूटर, जीप, ट्रॅक्टर, सगळे त्यात आले. आणि त्याहून जास्त बोलणार आहोत ते ही गाडी शिकू पाहणाऱ्या आपल्या पोरापोरींविषयी.

तुम्ही म्हणाल, हा विषय पोरांचा. आम्हां मोठ्या माणसांना तो कशाला सांगता? त्याचे उत्तर सरळ आहे. गाडी घेतो कोण? बाप. हप्ते फेडतो कोण? बाप. रात्री चावी खुंटीला अडकवतो कोण? बाप, नाहीतर आई. मग ती चावी कोणाच्या हाती जावी आणि केव्हा जावी, हे ठरवायचेही त्यांनीच. म्हणून हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत.

आधी बैलगाडीचीच गोष्ट घेऊ. पूर्वी पोरगा गाडी हाकायला कसा शिके, ते आठवा. पहिल्या दिवशी कोणी त्याच्या हाती कासरा देत नसे. आधी तो बैलांना वैरण घाली, पाणी दाखवी. मग बैलांच्या पुढे चाले. मग बापाच्या शेजारी बसे. पुढे कधीतरी सपाट वाटेवर बाप म्हणे, "धर कासरा." बाप मात्र शेजारीच बसलेला असे. ओढ्याचा उतार आला की बाप कासरा आपल्या हाती घेई. असे वर्ष-दोन वर्षे चाले. मग कुठे पोरगा एकटा गाडी घेऊन बाजाराला जाई.

आणि बैलगाडीचा वेग तो किती? माणूस चालतो तेवढा. शिवाय बैलाला स्वतःची अक्कल असते. पुढे खड्डा दिसला तर बैल बिचकतो. विहिरीच्या काठाशी तो आपण होऊन थांबतो. गाडीवान झोपला तरी बैल त्याला घरी आणून सोडतात.

फटफटीला अशी अक्कल नाही. तिला डोळे नाहीत, कान नाहीत, जिवाची भीती नाही. मूठ पिळली की ती पळते. पुढे विहीर आहे की माणूस, हे तिला कळत नाही. गाडीत जी अक्कल नाही ती हाकणाऱ्याच्या डोक्यात दुप्पट पाहिजे. जिथे अक्कल होती त्या बैलगाडीला आपण दोन वर्षे शिकवत होतो. आणि जिला अक्कल नाही ती गाडी दोन दिवसांत पोराच्या हाती देतो. हे उलटे झाले की नाही, तुम्हीच सांगा.

आता वेगाचा हिशेब करू. आपण वर्गात गुणाकार-भागाकार शिकलो आहोत. ताशी ४० किलोमीटर म्हणजे फार वेग नव्हे, असे पोरे म्हणतात. पण ह्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. ११ मीटर म्हणजे छत्तीस फूट. एक सेकंद म्हणजे किती? 'अरे बापरे' म्हणायला लागतो तेवढा वेळ. पुढे म्हैस आडवी आली, डोळ्यांनी पाहिली, मनाने ओळखली, पाय ब्रेककडे गेला, एवढ्यात तो सेकंद संपतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी छत्तीस फूट पुढे गेलेली असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही. ते चौपट होते. चाळीसच्या वेगाला जेवढ्या जागेत गाडी थांबते, त्याच्या चौपट जागा ऐंशीच्या वेगाला लागते. ही गोष्ट पोरांना कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

आपल्या देशात रस्त्यांवर किती माणसे मरतात? २०२२ ह्या एका वर्षात १,६८,४९१ माणसे मेली. हा आकडा केंद्र सरकारने छापलेला आहे. भागाकार करून पाहा. दर दिवसाला साडेचारशेहून जास्त माणसे होतात. त्यांत शंभरांतील चव्वेचाळीसच्या वर माणसे दुचाकीवरची होती. म्हणजे आपल्या गावात घरोघर जी गाडी उभी आहे, तिच्यावरची.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कायदा म्हटला की लोक घाबरतात. घाबरू नका. मोटार वाहनांचा कायदा १९८८ सालचा आहे. त्यात २०१९ साली मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यातील आपल्या कामाच्या गोष्टी थोड्याच आहेत.

सार्वजनिक रस्त्यावर मोटारगाडी चालवायला वयाची अठरा वर्षे पूर्ण पाहिजेत. फटफटी असो, जीप असो, नाहीतर ट्रॅक्टर असो. भाड्याची प्रवासी गाडी किंवा मालाचा ट्रक चालवायचा असेल तर वीस वर्षे पूर्ण पाहिजेत. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या पोराला एकच सवलत आहे. ज्या दुचाकीचे इंजिन ५० सीसीपेक्षा मोठे नाही, ती त्याला परवाना काढून चालवता येते. त्यासाठी आईबापाची लेखी संमती लागते. पण एवढ्या लहान इंजिनाच्या गाड्या आता बाजारात फारशा दिसत नाहीत. गावात ज्या फटफट्या आणि स्कूटर पाहतो, त्यांची इंजिने शंभर सीसीच्या आसपास किंवा त्याहून मोठी असतात. तेव्हा सोळाव्या वर्षाची सवलत दाखवून कोणी घरची फटफटी मागू लागला, तर त्याला गाडीचे कागद वाचून दाखवा. इंजिन किती सीसीचे आहे ते त्यावर लिहिलेले असते. आता आपल्याला वाचता येते ना?

अठराच का, असा प्रश्न पोरे विचारतात. "माझे पाय जमिनीला टेकतात, अंगात ताकद आहे, मग का नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही रास्त द्यावे. गाडी हातापायांनी चालते, पण ती सांभाळावी लागते डोक्याने. धोका ओळखणे आणि मनाला आवर घालणे हे डोक्याचे काम आहे. पोराची उंची आधी वाढते. हा आवर मागाहून येतो. तो पुरता यायला विशी उलटून जाते, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यातून मागे दोस्त बसला आणि "पळव रे!" म्हणाला, की उरलासुरला आवरही सुटतो. एकटा असताना नीट चालवणारा पोरगा दोस्तांबरोबर वेगळाच होतो. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आता नीट ऐका. ही गोष्ट बापाची आहे. अठरा वर्षांखालच्या पोराने गाडी चालवून गुन्हा केला, तर दोषी कोण? २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या पोराला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. शिकाऊ परवानासुद्धा नाही. पोराकडे त्या गाडीचा शिकाऊ परवाना असेल आणि तो तीच गाडी चालवत असेल, तर हे कलम पालकाला लागत नाही.

बाप म्हणेल, "मी कुठे चावी दिली? पोराने परस्पर नेली." असे नुसते म्हणून चालत नाही. गाडी बापाच्या संमतीनेच नेली, असे कोर्ट धरून चालते. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण सगळी काळजी घेतली होती, हे बापाने सिद्ध करावे लागते. चावी उघड्या खुंटीला अडकवलेली असेल, तर काळजी घेतली असे कोण म्हणेल?

आता विम्याचे पाहा. गाडीचा विमा आहे, मग भीती कसली, असे लोक म्हणतात. पण चालवणाऱ्याकडे परवाना नसेल तर विमा कंपनी आपली जबाबदारी नाकारू शकते. कोर्टाने कंपनीला जखमीचे किंवा मृताच्या घरच्यांचे पैसे आधी द्यायला लावले, तरी ती रक्कम पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल करता येते. ती रक्कम हजारांत नसते, लाखांत असते. ती कुठून द्यायची? बापजाद्यांची जमीन विकून? पोराने एका संध्याकाळी नाक्यापर्यंत मारलेली चक्कर अशी एकराच्या भावात जाते.

पुण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने फटफटीला धडक दिली. फटफटीवर एक तरुण आणि एक तरुणी होती. दोघेही इंजिनियर होते. दोघेही गेली. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्या मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. ती गोष्ट मोठ्या शहरातली, म्हणून देशभर गाजली. आपल्याकडच्या गोष्टी गाजत नाहीत. पण घर तसेच ओस पडते. मेलेल्याचेही आणि मारणाऱ्याचेही.

घरोघर असे बोलणे होते. पोरगा म्हणतो, "आबा, चावी द्या की. नाक्यावर जाऊन येतो."

आबा विचारतात, "लायसन कुठाय तुझं?"

"लायसन कोण बघतंय आबा? आपल्या रस्त्याला पोलीस कधी असतो?"

"पोलीस नसतो रे. पण खड्डा असतो. म्हैस असती. शाळंची पोरं असत्यात. तुझ्याकडं लायसन नाही म्हणून ती काय बाजूला होणार हायेत?"

आम्हांला हे उत्तर फार पटते. परवाना पोलिसाला दाखवण्यासाठी नसतो. आपला पोरगा गाडी चालवायला तयार झाला, हे आपल्याला आणि रस्त्यावरच्या लोकांना कळावे, म्हणून तो असतो.

पण मंडळी, नुसते 'नाही' म्हणून भागत नाही. पोराला शेत आहे, कॉलेज आहे, बाजार आहे. एस.टी. वेळेवर येतेच असे नाही. गाडी ही आता चैन राहिली नाही, गरज झाली आहे. तेव्हा 'नाही' बरोबर 'केव्हा' आणि 'कसे' हेही सांगावे. "अठरा पूर्ण होऊ दे. त्याच आठवड्यात अर्ज करू. शिकवायला मी आहे." असा शब्द द्या आणि तो पाळा. मग पोरगाही वाट पाहतो.

परवाना कसा काढायचा, ते आता पायरी-पायरीने पाहू.

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. हा अर्ज सरकारच्या 'परिवहन' ह्या संकेतस्थळावर 'सारथी' ह्या विभागात भरतात. मोबाइलवरही भरता येतो. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारकार्ड जपून ठेवा, ते इथे कामी येतात. केंद्राच्या नियमांत शिकाऊ परवान्याची फी गाडीच्या एका प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेची ५० रुपये आहे. पैसे भरताना पडद्यावर जो आकडा येतो तो वाचा. पावती घ्या. पावतीवरचा आकडा आणि हातून गेलेला पैसा जुळतो का, ते पाहा. जुळत नसेल तर मधला पैसा दलालाचा, हे समजा. अर्ज करायला दलाल लागतोच असा कुठेही नियम नाही.

शिकाऊ परवान्याला एक छोटी परीक्षा असते. ती मराठीत देता येते. आपल्या राज्यात २०२१ सालापासून आधारच्या आधारे ती घरबसल्याही देता येते. तसे नको असेल तर परिवहन कार्यालयात, म्हणजे आपण आर.टी.ओ. म्हणतो तिथे जाऊन देता येते. रस्त्यावरच्या खुणा आणि नियम, अपघात झाल्यास चालकाचे कर्तव्य, रेल्वेचे फाटक कसे ओलांडावे आणि गाडीबरोबर कोणते कागद ठेवावेत, ह्यांवर प्रश्न असतात. दर दहांत सहा उत्तरे तरी बरोबर यावी लागतात.

घरबसल्या परीक्षा म्हटली की काही जण दुसऱ्यालाच बसवतात. "त्याला सगळं येतं, तो देईल तुझी परीक्षा." असे कधी करू नका. तो गुन्हा तर आहेच. पण त्याहून वाईट असे की परवाना पोराच्या खिशात येतो आणि अक्कल दुसऱ्याच्या डोक्यात राहते. वळणावर ती अक्कल कशी आणायची?

इथे तुमचेही एक काम आहे. पोराच्या शेजारी बसा आणि रस्त्याच्या खुणा त्याच्याबरोबर वाचा. खुणांची लिपी आपल्या बाराखडीहून सोपी आहे. लाल कडेचा गोल म्हणजे हुकूम. तो मोडायचा नाही. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावधगिरी. पुढे वळण आहे, शाळा आहे, अरुंद पूल आहे. निळी चौकोनी पाटी म्हणजे माहिती. दवाखाना इकडे, पेट्रोल पंप तिकडे. आठ कोनांची लाल पाटी म्हणजे थांबा. टोक खाली केलेला त्रिकोण म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या. ज्याला ही लिपी येत नाही, तो रस्त्यावर निरक्षरच. मग तो कितीही शिकलेला असो.

दुसरी पायरी शिकण्याची. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर निदान तीस दिवस शिकल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. शिकाऊ परवाना म्हणजे एकट्याने हिंडण्याची मोकळीक नव्हे. बरोबर पक्का परवाना असलेला माणूस पाहिजे. मोटार असेल तर गाडी थांबवता येईल अशा जागी त्याने बसले पाहिजे. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर पाहिजे. पाटी १८ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद असावी. ती लावायला पोरांना लाज वाटते. त्यांना सांगा, शिकणाऱ्याला लाज नसते. आपण चाळिशी-पन्नाशीत पाटी-पेन्सिल धरली, तेव्हा आपण लाजलो का? आणि हेही सांगा की शिकाऊ फटफटीवाल्याला मागे दोस्त बसवता येत नाही. मागे बसेल तो फक्त शिकवणारा.

शिकवावे कसे? बैलगाडीच्या रीतीनेच. घाई करू नये. पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवावे. गाडी स्टँडवरून काढणे, ढकलणे, वळवणे, पुन्हा स्टँडला लावणे, एवढेच करावे. गाडीचे वजन अंगाला कळले पाहिजे. मग ब्रेक. पळवायला शिकण्याआधी थांबायला शिकावे. पुढचा आणि मागचा ब्रेक बरोबर दाबावा. वाळू, खडी किंवा चिखल असेल तर पुढचा ब्रेक जोराने दाबू नये. चाक घसरते. मग क्लच आणि गिअर. मग मोकळ्या मैदानावर सावकाश फेऱ्या. मग रहदारी नसलेला रस्ता. मग बाजाराचा रस्ता. रात्रीचा आणि पावसाचा रस्ता सगळ्यांत शेवटी.

आरशात पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. आरसा भांग पाडण्यासाठी नाही. वळण्याआधी दिवा दाखवावा. समोरून गाडी आली की आपला मोठा प्रकाश खाली करावा. मोबाइल वाजला तर गाडी कडेला उभी करून मग बोलावे. डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट पाहिजे. ते आयएसआय छापाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. न बांधलेले हेल्मेट अंगापासून लांब ठेवलेल्या छत्रीसारखे. कायद्याने ते चालवणाऱ्याला लागते आणि मागे बसणाऱ्यालाही लागते. दुचाकीवर मागे एकच माणूस बसवता येतो. तिघांनी बसणे हा गुन्हा आहे.

सगळ्यांत मोठी शिकवण मात्र बोलण्यात नाही, वागण्यात आहे. बाप उलट्या बाजूने गाडी घालतो, कानाला मोबाइल लावतो, पिऊन गाडीवर बसतो, आणि पोराला नियम सांगतो. पोरगा ऐकेल का? पोरगा दहा वर्षे बापाच्या मागे बसून गाडी शिकतच असतो. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

तिसरी पायरी पक्क्या परवान्याची. दिवस ठरवून आर.टी.ओ. कडे जायचे. तालुक्याच्या गावी त्यांचे शिबिर भरते, तिथेही जाता येते. मोटार वाहन निरीक्षक गाडी चालवायला लावून पाहतात. दुचाकीवाल्याला आठच्या आकड्यासारखी वळणे घ्यायला लावतात. पाय टेकता कामा नये. मोटारीची परीक्षा ठरलेल्या मार्गावर होते आणि मोटार मागेही घ्यावी लागते. नापास झाले तर घाबरू नये. सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीन वेळा नापास झाले, तर साठ दिवस थांबावे लागते. नापास होणे वाईट नाही. मैदानावर नापास झालेला पोरगा घरी परत येतो. न शिकता पास झालेल्याची तेवढी खात्री नाही.

पास झाल्यावर परवान्याचे कार्ड टपालाने घरी येते. ते हाती आले की वाचा. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि गाडीचा प्रकार बरोबर आहे का, ते पाहा. तिशीच्या आत काढलेला परवाना चाळीस वर्षे वय होईपर्यंत चालतो. गाडीबरोबर परवाना, नोंदणीचे कागद, विमा आणि धुराच्या तपासणीचा दाखला असावा. सरकारच्या डिजिलॉकरमध्ये मोबाइलवर ठेवलेले कागदही चालतात.

आता ट्रॅक्टरविषयी दोन शब्द. ट्रॅक्टर शेतीचा, त्याला कसला परवाना, असे पुष्कळांना वाटते. ते खोटे आहे. ट्रॅक्टर रस्त्यावर आला की त्याला हलक्या मोटार वाहनाचा परवाना लागतो आणि अठरा वर्षे पूर्ण लागतात. आपल्या बांधाच्या आत सार्वजनिक रस्त्याचा नियम नसेल, पण उतारावर उलटणारा ट्रॅक्टर बांध कोणाचा ते विचारत नाही. फिरत्या रोटाव्हेटरला कपडा अडकला तर माणूस आत ओढला जातो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लहान पोराला बसवून नांगरट करतात, तेही बंद करा. उसाच्या हंगामात ट्रॉल्या रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. त्यांच्या मागे लाल चमकत्या पट्ट्या लावा. त्या पट्टीने अंधारातून येणाऱ्या कोणा पोराचा जीव वाचेल. तो पोरगा आपलाही असू शकेल.

काही पोरांना पुढे टेम्पो-ट्रक चालवून पोट भरायचे असते. चांगली गोष्ट आहे. त्यासाठी वीस वर्षे वय पाहिजे आणि आधी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असला पाहिजे. पूर्वी ह्या परवान्याला आठवी पास असण्याची अट होती. २०१९ साली ती काढून टाकली. शाळा सुटलेल्या पोरांना ती मोठी सोय झाली. पण अट गेली म्हणून अक्षरांचे काम गेले नाही. पाटी वाचता आली पाहिजे, पावती वाचता आली पाहिजे, विम्याची तारीख वाचता आली पाहिजे. नाहीतर ज्याच्या कागदावर सही केली, त्याच्या मुठीत आपण गेलो.

आता आयाबहिणींना सांगतो. गाडी शिकण्याची गोष्ट निघाली की घरात पोराचेच नाव निघते. पोरीचे का निघत नाही? तालुक्याला कॉलेज आहे आणि शेवटची एस.टी. चुकली तर पोरीचे शिक्षण सुटते. किती पोरींचे शिक्षण असे वाटेवरच थांबले! कायद्याने पोराला जे वय तेच पोरीला, आणि जी परीक्षा तीच. अठरा पूर्ण झालेल्या पोरीला परवाना काढून द्या. घरात कोणाला अडल्या वेळी दवाखान्यात न्यायचे झाले तर तीही नेईल. आणि अठराव्या वर्षी तिच्या लग्नाची घाई करण्यापेक्षा परवान्याची घाई केलेली बरी. तिचे स्वतःचे नाव आणि स्वतःचा फोटो असलेले कार्ड तिच्या हाती येते. त्याची किंमत तुम्हांला सांगायला नको. आपल्या हाताने पहिली सही केली, तो दिवस तुम्ही विसरला नाहीत.

शेवटी अपघाताविषयी. इतके करूनही अपघात होऊ शकतो. तेव्हा काय करावे, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. पळून जायचे नाही. जखमीला दवाखान्यात न्यायचे. १०८ ह्या क्रमांकावर फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते, तिला पैसे पडत नाहीत. पोलिसांना कळवायचे. चालकावर ही कायद्याची जबाबदारी आहे. आणि वाटेवर दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला, तर मदतीला भिऊ नका. मदत करणाऱ्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत संरक्षण दिले आहे. आपले नावगाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

मंडळी, घरी गेल्यावर चार गोष्टी करा.

एक. गाडीची चावी उघड्या खुंटीवरून काढा आणि कुलपात ठेवा.

दोन. पोराच्या आणि पोरीच्या जन्माचा दाखला काढा, अठरा वर्षे कधी पूर्ण होतात ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहा, आणि पोरांना दाखवा.

तीन. गाडीच्या विम्याचा कागद काढून त्याची मुदत वाचा. मुदत संपली असेल तर उद्याच्या उद्या भरा.

चार. उद्यापासून पोरासमोर गाडी अशी चालवा, जशी त्याने चालवावी असे तुम्हांला वाटते.

पोरगं मोठं होणार, गाडीवर बसणार, आपल्या नजरेआड जाणार. ते कोणाला थांबवता आले आहे? आपल्या हाती एवढेच की ते वेळेवर जावे, शिकून जावे आणि संध्याकाळी घरी यावे.